कणकेचा गोळा

वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवीत, त्यामुळे आमच्या घरी पत्रकं भाकरीइतकीच नेमानं येत. आमच्या संस्थानात, महाराजांच्या राज्यात, नव्या विचारांना तोटा नव्हता. ती पत्रकं वाचत मोठा झालो, आणि कोण कुणावर बोट ठेवतं याच्याकडं डोळा ठेवायची खोड लागली.

थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, सावळी. तिला न्हाऊमाखू घालायला पिंजाऱ्याची विधवा येई; आम्ही तिला चाची म्हणत असू. तिची चूल असल्याच कामांवर पेटे. एके दिवशी बाळाच्या दंडावर लाल ओरखडे दिसले.

"त्या चाचीच्या काळ्या हातांचंच काम हाय," शेजारची काकी म्हणाली.

"हात काळं म्हणून?" मी विचारलं.

"तू गप की! कागदं वाचून अक्कल येत न्हाय."

उद्यापासून चाचीला नको म्हणायचं, असं आईनं ठरवलं. मी एक दिवस मागून घेतला. काकीचा संशय मला आलाच. खरं सांगतो, चाचीचाही आला. न्हाणीच्या दारात ठाण मांडून बसलो.

चाचीनं साय-हळद लावलेला कणकेचा गोळा बाळाच्या अंगावर अलगद फिरवला.

"जोरात घासा की, चाची," बहीण म्हणाली. "काळं निघू दे. न्हायतर हिला करून कोण घेणार?"

"लेकराची कातडी हाय, आक्का. पितळंचा तांब्या न्हाय."

बहिणीची पाच वर्षांची मोठी मुलगी शेजारीच उकिडवी बसून सगळं बघत होती. रोजच बसायची. तिच्यावर कुणाचा डोळा नव्हता; माझाही नव्हता.

दुपारी बाळ किंचाळलं. धावलो, तर पाळण्याशी तीच. हातात पाय घासायची वजरी.

"मामा, चाची लई हळू घासती," ती समजावून सांगावं तसं म्हणाली. "काळं निघंना झालंय."

आईनं वजरी माळ्यावर फेकली. चाचीला नको म्हणायचं राहून गेलं; तिची माफीही कुणी मागितली नाही. पण सकाळी परातीत गोळा तयार होताच, आणि पोरगी आपली जागा धरून बसली होती. मी गोळा उचलला आणि दारातल्या गाईपुढं टाकला.

"पत्रकांनी बिघडलं पोरगं," काकी ओरडली.

पोरगी मात्र माझ्याकडं, चोराकडं बघावं तशी, बघत होती.

"मामा, मग आता ही काळीच ऱ्हाणार व्हय?"