सगळ्यांना जमेल ती तारीख

दामलेकाका कुणाच्याही घरी गेले की बूट काढता काढता आधी छत बघायचे, मग यजमान. ओहायोतल्या डब्लिनला आम्ही नवं घर घेतलं, तेव्हा त्यांनी दिवाणखान्याच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि माझ्या बायकोला विचारलं, "पुठ्ठ्यात राहायला आलीस होय गं?" सगळे हसले. चौदा घरं बघून हे निवडलेला मी जरा कमी हसलो.

काका निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनियर. नोकरी पुलांवर गेली, जीव मात्र इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर. सहाशे वर्षांपूर्वी खालून लाकडी आधार न देता तो कसा उभा केला, हे ते ज्याने-त्याने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकमध्ये पुरी पालथी घालून समजावायचे. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या मराठी घरांनी मिळून तो बघायला जायचं, हे त्यांनीच काढलं. एकटे का जात नाही, असं विचारलं की म्हणायचे, "कमानीतला एक दगड काढून बघ. ट्रिपचंही तसंच असतं."

मग डॉक्टरांनी सांगितलं, की त्यांच्या नजरेचा मधला भाग हळूहळू जाणार, कडा तेवढ्या राहतील. काकांनी ते ग्रुपवर कळवलं आणि खाली विचारलं, मे चालेल का? मेमध्ये एकाच्या मुलीचं ग्रॅज्युएशन होतं. सप्टेंबरमध्ये गणपती आणि इथल्या मराठी मंडळाचं नाटक. पुढच्या वर्षी कुणाचं व्हिसा स्टँपिंग अडकलं, कुणाची आई नागपूरहून आली. तारखांचे पर्याय मीच मांडायचो. दर वेळी एखादं घर गळायचं आणि काकांचं उत्तर यायचं, "थांबू या. सगळे हवेत." डोळ्यात इंजेक्शन घेऊन आलेला माणूस हे लिहायचा आणि आम्ही त्याला अंगठे द्यायचो.

शेवटी गेलो तेव्हा सगळे होतो. घुमटाखाली काकांनी मान वर केली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. कडेकडेने काही सापडतं का, ते बघत होते. मग त्यांनी माझा दंड धरला. "सांग," म्हणाले.

मी रुंदी सांगितली, उंची सांगितली, आठ बाजू सांगितल्या.

"आकडे मला पाठ आहेत रे. दिसतंय काय?"

मी वर पाहिलं. खूप काही दिसत होतं.

"मोठा आहे, काका," मी म्हणालो. "छान आहे."

ते आणखी थोडा वेळ तोंड वर करून उभे राहिले. मग म्हणाले, "चल. ग्रुप पुढे गेला असेल."

गेलाच होता.