पहिलं पोतं आणि दुसरा रिपोर्ट

"आता तिसरं मूल नको. बाईच्या जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले. ते माझ्या नवऱ्याकडे बघून बोलत होते, मी शेजारीच बसले होते. धाकटी दीड महिन्याची, माझ्या मांडीवर झोपलेली.

मला मायट्रल स्टेनोसिस होतं. म्हणजे हृदयातली एक झडप आकसलेली, रक्ताला वाट अरुंद. या गरोदरपणाचे शेवटचे दोन महिने मी बसूनच झोपले होते. माझं ऑपरेशन करायचं तर भूल झेपेल याची खात्री नव्हती. "यांची व्हॅसेक्टॉमी सोपी," डॉक्टर म्हणाले. व्हॅसेक्टॉमी म्हणजे पुरुषाची नसबंदी. बीज वाहून नेणाऱ्या दोन बारीक नळ्या कापून बांधतात. जागेपुरती भूल, वीस मिनिटांचं काम.

हे शहराबाहेरच्या वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर. जवळच दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. आणीबाणी संपून दोन-अडीच वर्षं झाली होती, तरी नसबंदी हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं. सासूबाईंनी ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"मानसाचं काहून करता? पोतं उचलनारा हाय तो. कमरेत जोर राहीन का?"

"माय, बायको राहीन," हे म्हणाले. सासूबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं.

ऑपरेशन झालं. कंपाउंडरनं बाहेर येऊन "तीन दिवस आराम" एवढंच सांगितलं आणि इंग्रजीत छापलेलं एक कार्ड हातात ठेवलं. मिशनच्या शाळेत मी दहा वर्षं इंग्रजी शिकले, पण बोलले फार थोडं. ते कार्ड मात्र रिक्षात दोनदा वाचलं. घट्ट लंगोट बांधावा. आठ दिवस वजन उचलू नये. रिपोर्ट शून्य येईपर्यंत दुसरं साधन वापरावं. सासूबाईंसमोर मी वजनाचं तेवढं सांगितलं, तेही हळू. ह्यांनी "हं" केलं.

चौथ्या दिवशी हे कामावर गेले. गोदामाची एक रीत होती. सकाळच्या पहिल्या ट्रकचं पहिलं पोतं सुपरवायझरनं उचलायचं, मगच हमालांनी हात लावायचा. हे जागेवरून हलेनात तेव्हा गणपत नावाचा हमाल म्हणाला, "काहून गा भाऊ, डॉक्टरनं जोर काढून ठेवून घेतला का?" सगळे हसले. ह्यांनी तुरीचं पोतं उचललं.

दुपारी हे भिंतीला धरून घरी आले. जागा वांग्यासारखी सुजली होती, रंगही तसाच. हिमॅटोमा, म्हणजे आत रक्त साकळलेलं. "ऑपरेशन बिघडलेलं नाही, तुम्ही बिघडवायला निघाला होतात," डॉक्टर म्हणाले. दहा दिवस खाट. सासूबाई स्वतः जाऊन बर्फ घेऊन आल्या, फडक्यात बांधून भिंतीकडे तोंड करून मला दिला. "उचल म्हननाऱ्याले आन इकडं. मी पाह्यतो त्याले."

ज्यांच्या घरात हे व्हायचं आहे त्यांना सांगते. थोडी सूज, निळसरपणा, ओढ लागल्यासारखं दुखणं आठवडाभर असतं. सूज वाढत गेली, ताप आला, पू दिसला, तर घरी बसू नका. पुरुषपण कुठेही जात नाही. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण खात्रीनं लिहिते.

सगळ्यात मोठी चूक पुढे असते. ऑपरेशन झालं म्हणजे धोका संपला असं घरात सगळे धरून चालले होते, हेसुद्धा. मी कार्ड पुढे केलं आणि निरोधची पाकिटं तांदळाच्या डब्यामागे ठेवली. लाज होती, पण मुलींना सोडून जायची भीती जास्त होती.

तीन महिन्यांनी सीमेन ॲनालिसिस, म्हणजे वीर्याची तपासणी. बाटली तासाभरात पोचवायची, अंगाच्या उबेत. नेमक्या त्याच सकाळी तीन ट्रक लागले होते. पदराखाली बाटली धरून मीच सिटी बसमध्ये चढले. लॅबच्या खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "काय आहे? लघवी?"

माझ्या मागे लांब रांग होती. "वीर्य," मी म्हणाले. "नसबंदीनंतरची तपासणी." माणसानं मान वर केली आणि चिठ्ठी नीट अक्षरात लिहिली.

रिपोर्टमध्ये जिवंत शुक्राणू होते. तो कागद घेऊन मी तशीच डॉक्टरांकडे गेले. "नळीत उरलेलं निघून जायला कोणाकोणाला वेळ लागतो," डॉक्टर म्हणाले. "साधन वापरत होतात ना? मग बचावलात." दीड महिन्यानं पुन्हा तीच बस, तीच खिडकी. या वेळी शब्द माझ्या तोंडून आपसूक आला. रिपोर्टवर एकच ओळ होती. शून्य.

मी घरी न जाता सरळ गोदामात गेले, आयुष्यात पहिल्यांदा. ह्यांना कागद दाखवला. हे डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसत राहिले.

पुढे मोठ्या हॉस्पिटलात माझ्या झडपेचं ऑपरेशनही झालं. धाकटीला आता मी शाळेत पोचवते, चालत. त्या डॉक्टरांचे, खिडकीतल्या त्या माणसाचे आणि बर्फाच्या त्या फडक्याचे उपकार मी विसरलेले नाही.

त्या शून्याच्या रिपोर्टनंतर वर्षभरानं, एका रविवारी गणपत बायकोला घेऊन दारात उभा राहिला. त्याला चार मुलं. "वहिनी, भाऊच्या आपरेशनच्या त्या कार्डात काय लिवलं ते वाचून सांगा ना." मी सासूबाईंसमोर, सगळ्यांसमोर, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. काहीही हळू वाचलं नाही.

स्वतःच्या नसबंदीनंतर चौथ्या दिवशी गणपत कामावर आला. ह्यांनी त्याला फळीवर बसवलं आणि आठ दिवस भरेपर्यंत त्याच्या वाटची पोती स्वतः उचलली. कोणी हसलं नाही.