उच्च शिक्षा

राजेंद्र नगरातील समस्त मराठी जनांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, शुद्धलेखनाचे अखेरचे शिलेदार धारातीर्थी पडले आहेत.

हे आमचे शेजारी, या हिंदी मुलखातले निवृत्त मराठी शिक्षक. पत्रिकेत वेलांटी चुकली तर लग्नाला जात नाहीत. वरच्या मजल्यावरची मुलगी एका मालिकेतल्या जोडीची पुढची गोष्ट स्वतः रचून मोबाइलवर टाकते. सर ती रोज वाचायचे, अर्थात फक्त चुका काढायला. 'नायिकेने पुण्यात उच्च शिक्षा घेतली' हे वाचून त्यांनी तिला जिन्यातच गाठलं. "अगं, शिक्षा चोराला होते. कॉलेजात शिक्षण घेतात."

तिने लिहिणंच सोडलं. नायक मंडपात उभाच राहिला. सर आठवडाभर जिन्यात घुटमळले आणि काल ती दिसताच बोलून गेले, "बेटा, गलत-सलत कसंही लिही, पर उनकी शादी तो करवा दे."