माझं मत धरलं न्हाय

पोरगी न्हाय! तांदूळ निवडता निवडता वळून बघितलं तर पोरगी न्हाय, आन् हॉलच्या मागं उघडा हौद. हौदात बघितलं, रस्त्यावर बघितलं, मग तशीच भरल्या सभेत घुसले आन् वरडले, "माझी पोरगी दिसंना वो!"

सोलापुरात गणिताच्या मास्तरांची सभा हुती, संघटनेचा अध्यक्ष निवडायची. मी आचाऱ्याच्या हाताखाली कामाला. एक सर मतं मागायला नुकतेच माईकपुढं उभं ऱ्हायले हुते. ज्याला त्याला पाचच मिनिटं. सगळी धावाधाव सुरू झाली तसं सरांनी दरडावलं, "कुणी पळू नका, लेकरू पायाखाली येईल. ज्यानं त्यानं आपल्या खुर्चीखाली बघा. ताई, नाव काय तिचं?" मग तेच माईकवरनं तिला हाका मारत ऱ्हायले, खडू झटकल्यागत बोटं झटकत.

पोरगी मागच्या रांगेत एका बाईंच्या पिशवीवर झोपलेली घावली. तेवढ्यात घंटी वाजली.

"सर, वेळ संपली. भाषण ऱ्हायलं की!" कुणीतरी चिडवलं.

"मला तरी कुठं येतंय भाषण," म्हणाले आन् जाऊन बसले.

मग हात वर करून मतं घेतली. सरांच्या नावाला हात लई थोडे. पोरगी कडंवर, माझाबी हात वर गेला. सगळे हसले. घंटीवाले म्हणाले, "ओ ताई, तुमचं मत धरत नाहीत इथं." सर हसले न्हाईत. बसल्या जागी त्यांनी हात जोडले.

मत न्हाय ते मलाबी कळतंय. पण हात खाली घेववंना. तुमी घेतला असता का?