क्लबहाऊसमधली औषधपेटी

"तुमचा रिपोर्ट चुकलाय. सगळ्याच गोळ्या कशा फेल होतील?" शिर्केकाकूंनी कागद काउंटरवर आपटला. मागे खुर्चीवर त्यांची सून सायली कंबर धरून बसली होती. सातवा महिना, अंगात सणसणीत ताप.

मी मायक्रोबायोलॉजिस्ट. खारघरच्या एका लॅबमध्ये काम करते. सायलीचं युरिन कल्चर मीच केलं होतं. कल्चर म्हणजे लघवीतले जंतू बशीसारख्या प्लेटवर वाढवायचे आणि त्यांच्यावर अँटिबायोटिकच्या बारीक टिकल्या ठेवायच्या. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. सायलीच्या प्लेटवर जंतू जवळजवळ प्रत्येक टिकलीला खेटून वाढले होते. अशा औषधापुढे आम्ही 'रेझिस्टंट' लिहितो. म्हणजे ते औषध या जंतूवर निकामी. तिला तोंडाने देता येईल अशी एकही गोळी उरली नव्हती.

"रिपोर्ट बरोबर आहे. मी टेस्ट परत लावून बघितली," मी म्हटलं. "सायली, याआधी काही गोळ्या घेतल्या होत्यास?"

सायलीने सासूकडे पाहिलं. उत्तर काकूंनीच दिलं.

"मी दिल्या ना. लघवीला जळजळ झाली की द्यायची, बरं वाटलं की बंद. उगाच पोटुशी पोरीला जास्त औषध कशाला?"

"कुठल्या डॉक्टरांनी लिहून दिल्या?"

"डॉक्टर कशाला? आमच्या सोसायटीत पेटी आहे की!"

पेटीची हकिकत काकूंनी कौतुकाने सांगितली. घरात उरलेली औषधं क्लबहाऊसमधल्या पेटीत टाकायची, ज्याला लागतील त्याने न्यायची. काकू स्वतः एक्स्पायरी तपासतात. ताप, जुलाब, जळजळ, असे वेगळे कप्पे. गणेशोत्सवात सोसायटीने त्यांना शाल-श्रीफळ दिलं होतं. "वाया जाण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडतात," त्या म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. अँटिबायोटिक उरतं कसं? बहुतेक वेळा कुणीतरी कोर्स अर्ध्यावर सोडतं म्हणून. तोच अर्धा कोर्स उचलून दुसरा आणखी अर्धवट घेतो. नरम जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. ते शाल-श्रीफळ खरं तर जंतूंनी द्यायला हवं होतं.

काकूंनी पर्समधून स्ट्रिप काढली. नाव वाचलं आणि माझा आवाज चढला.

"अहो, हे औषध गरोदर बाईला शक्यतो देतच नाहीत!"

"मला काय माहीत? शेजारच्या पाटीलभाऊजींना एकदम लागू पडलं होतं."

"पाटीलभाऊजी गरोदर होते का?"

सायलीने हळूच विचारलं, "डॉक्टर, बाळाला काही होईल का?"

तिच्याशी खोटं बोलवेना. इन्फेक्शन बहुधा किडनीपर्यंत चढलं होतं. त्याने दिवस भरायच्या आत कळा येऊ शकतात. मी तिच्यासमोरच तिच्या गायनॅकना फोन लावला. ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा." तिला चालेल असं एक इंजेक्शन रिपोर्टमध्ये शिल्लक होतं. शिरेतून द्यायचं, हॉस्पिटलमध्ये ठेवून.

"आणि तेही लागू पडलं नसतं तर?" काकूंनी विचारलं.

"तर मला तुम्हाला नुसतं सॉरी म्हणावं लागलं असतं."

मघाशी आपटलेला कागद त्यांनी उचलून सरळ केला. मला त्यांची दया आली नाही. दया येत होती ती सायलीची. सासू प्रेमाने देते म्हटल्यावर ती नाही कशी म्हणणार?

कळा सुरू झाल्याच. डॉक्टरांनी त्या कशाबशा थांबवल्या. इंजेक्शनने ताप उतरला आणि पुढे पूर्ण दिवसांची मुलगी झाली. काकू बर्फी घेऊन लॅबमध्ये आल्या. बर्फी तोंडात टाकण्याआधी मी पेटीचं विचारलं.

"त्याच दिवशी काढली. तर लोक माझ्यावरच चिडले," त्या म्हणाल्या आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज होता: 'लघवीच्या जळजळीची गोळी कुणाकडे उरली आहे का? मिसेसला हवी आहे.' खाली लगेच उत्तर: 'आहे. बी विंगला या, घेऊन जा.' त्याखाली वर केलेल्या अंगठ्यांची रांग.

उरलेली भाजी शेजारी द्यावी. अँटिबायोटिक मुळात उरूच नये. हे मी काकूंना ग्रुपवर टाकायला लावलं. त्याला एकही अंगठा आला नाही.

त्या मिसेसचं सँपल येईल तेव्हा प्लेट मलाच लावायची आहे.