बाहेर उघडणारं दार

निमोण्याहून सकाळी फोन आला, तेव्हा मामांच्या शेजाऱ्याला काही बोलू न देता मी आधी विचारलं, "आग लागली का?" तो गोंधळला. "न्हाई वो... मामा गेलं. झोपंतच." सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला सुटल्यासारखंच वाटलं. आग नव्हती. मग मामा गेले हे कळलं.

तीन वर्षांपूर्वी त्यांचं घर जळालं. ऊस तुटून गेला की रानातलं पाचट पेटवून द्यायचं, ही त्यांची जन्माची सवय. त्या दुपारी वारं फिरलं आणि जाळ बांध ओलांडून घरामागं रचलेल्या कडब्यात शिरला. रांजणगावच्या कंपनीतून गाडी पिटाळत मी पोचलो, तेव्हा मामा विहिरीच्या कठड्यावर बसले होते, हातात जाळ झोडपायला घेतलेला लिंबाचा अर्धा जळका डहाळा. "मीच लावली रं, दत्ता," एवढंच म्हणाले. मामी काही वर्षं आधीच गेली होती. आता तिचा फोटोही उरला नाही.

मी त्यांना शिरूरला आमच्या घरी आणलं. लायटरचा खट्ट आवाज झाला की ते ताटावरून उठून अंगणात जायचे. इथंच राहा म्हणून मी विनवण्या केल्या, पण त्यांना स्वतःच्या रानात जायचं होतं. मला भीती वाटायची. एकटा म्हातारा माणूस, हात थरथरणारे, आणि चूल तर पेटवावीच लागणार... शेवटी रजा टाकून मी त्यांच्या रानातल्या नव्या घराच्या बांधकामावर उभा राहिलो. मामांचा हट्ट एकच, दार बाहेर उघडलं पाहिजे. गवंडी हसला. "मामा, घराचं दार भाईर उघडतंय व्हय कुठं?"

"आतून ढकलून पळता आलं पायजे," मामा म्हणाले. गवंड्यानं चौकट फिरवून बसवली.

गृहप्रवेशाला नव्या गॅसवर दूध उतू घालवायचं होतं. मामा उंबऱ्याबाहेरच थांबले. दूध फसफसून शेगडीवर सांडलं, पोरींनी टाळ्या वाजवल्या, पेढे फिरले. दुधानं जाळ विझलाय, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. चहा ठेवायला माझ्या बायकोनं लायटर उचलला आणि बाहेरून मामा ओरडले, "सूनबाई, हात लावू नगं! वास येतोय!" इतके महिने शेगडीजवळ न फिरकलेला माणूस धावत आत आला, रेग्युलेटर बंद केला आणि आम्हा सगळ्यांना ढकलत अंगणात काढलं. वास गेल्यावर तेच आत गेले आणि चहा त्यांनी स्वतः ठेवला.

त्या दिवसापासून ते तिथंच राहिले. रोज जेवण झालं की फोन यायचा. "बंद केला रं," एवढंच म्हणून ठेवून द्यायचे. कधीकधी मी वैतागायचो. ते गेले त्या रात्री मी सेकंड शिफ्टला होतो, मशिनच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. मिस्ड कॉल सकाळी दिसला. तो बघतच होतो, तेवढ्यात निमोण्याचा फोन वाजला.

दहावा झाल्यावर घर बंद करायला मी एकटाच गेलो. भांडी पालथी घातलेली, शेगडी पुसलेली, रेग्युलेटर बंद. नळीही चाचपून पाहिली. कुलूप लावलं, गाडीला किक मारली... आणि खाली उतरून, कुलूप काढून, पुन्हा एकदा रेग्युलेटर बघून आलो.