माजिवड्याच्या स्टॉपवरचा माणूस

वसू गेल्याचा फोन डोंबिवलीत आमच्या शेजारी आला, तेव्हा मी पोळ्या लाटत होते. खरं सांगू? रडू नंतर आलं, आधी हायसं वाटलं. दोन वर्षं ती एकेकाचं नाव विसरत चालली होती... ठाण्याच्या ज्या कॉलेजात आम्ही दोघी शिकवायचो, तिथे तिचा विषय मानसशास्त्र, आणि त्यातही आवडीचा धडा स्मृतीचा. दैवाची थट्टा, दुसरं काय!

वर्गात ती दरवर्षी एक खेळ करायची. तास चालू असताना शिपाई आत शिरायचा आणि तिची छत्री उचलून पळायचा. मग वसू ओठांवर बोट ठेवायची. "आधी एकमेकांशी बोलू नका रे. बोललात की आठवण बाटली!" नंतर मुलांना जरा आपसांत बोलू दिलं, की निम्म्या वर्गाला शिपायाच्या अंगात लाल शर्ट दिसायचा, नसलेला. "खोटं नाही बोलत गं ती मुलं," वसू मला सांगायची. "आठवण म्हणजे कपाटात घडी करून ठेवलेली साडी नव्हे. दर वेळी आपण ती नव्यानं विणतो, आणि हाताला लागेल तो धागा घालतो."

पुढे तिनंच एका वर्गावर तोच तास लागोपाठ दोनदा घेतला. स्टाफरूममध्ये काय हशा पिकला! विभागप्रमुख चहा पिता पिता तिची नक्कल करायचे. भर वर्षात तिचे तास काढून घेतले, तरी ती रोज यायची, स्टाफरूममध्ये नुसती बसून राहायची. ती माजिवड्याला राहायची; एकदा उतरायचंच विसरली आणि बस तिला कुठच्या कुठे घेऊन गेली. तेव्हापासून मी तिला बसमध्ये बसवून द्यायचे, आणि भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, रोज संध्याकाळी स्टॉपवर उभे राहून तिला हाताला धरून उतरवून घ्यायचे. कॉलेजातलं दुसरं काळं कुत्रंही फिरकलं नाही.

आणि शोकसभेत ऐकलं काय, तर "आम्ही मॅडमना आळीपाळीनं घरी सोडायचो." हे विभागप्रमुख बोलले, गहिवरून. बाकीच्यांनी माना डोलावल्या. दोघींना तर आपापला वारही आठवला! शी! किळस आली मला. धडधडीत खोटं बोलले असते तर तोंडावर सुनावलं असतं. पण मेल्यांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. सगळ्यांना लाल शर्ट दिसत होता...

गेल्या आठवड्यात भाऊजींकडे गेले. चहा ठेवत म्हणाले, "चांगली माणसं हो. रोज आणून सोडायची तिला."

"अहो भाऊजी, तुम्ही उभे राहायचात स्टॉपवर!"

"मी?" ते बुचकळ्यात पडले. "गेलो असेन एखाद्या वेळी... पण ते लोक होते ना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वसूची थट्टा केली ती केलीच, आता या माणसाचं ते रोजचं उभं राहणंही ओरबाडून नेलं! मी परोपरीनं सांगितलं. ते नुसते हसले, मला समजावल्यासारखे. तिथे बसवेना मला, उठून गॅलरीत गेले.

ऊन उतरलं तसे भाऊजी उठले. पायांत चपला सरकवल्या, दारामागची वसूची छत्री काखेत धरली.

"कुठे निघालात?"

"जरा पाय मोकळे करून येतो."

स्टॉप समोरच आहे. मी गॅलरीत उभी होते. बस आली, थांबली. भाऊजी दाराशी गेले आणि त्यांनी हात वर धरला. कोणी उतरलं नाही. बस निघून गेली, तरी हात तसाच होता.